नळ कधी येतो, बाजार कधी भरतो

चिकलठाण्यात खोली बघायला आलेला माणूस भाड्याच्या आधी नळाचं विचारतो. किती दिवसांआड येतो, किती वेळ राहतो, छतावरची टाकी केवढी आहे. घरमालकाला हे प्रश्न पाठ झालेले असतात. दुसरी चौकशी बाजाराची. बाजार शुक्रवारी.

जालना रोडवर विमानतळाच्या शेजारी आणि सुखना नदीच्या काठी असलेलं हे गाव आज छत्रपती संभाजीनगर महापालिकेत मोडतं. एका बाजूला एमआयडीसीतली औषधांची आणि यंत्रांच्या सुट्या भागांची कारखानदारी, दुसऱ्या बाजूला मॉल आणि जिल्हा रुग्णालय. घाटी म्हणजे शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय, म्हणून चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मिनी घाटी’ झालं. या सगळ्यात शुक्रवारचा आठवडी बाजार मात्र खेड्याच्या चालीनंच भरतो. मेथीच्या जुड्या, शेवगा, लाल मिरचीचे ढीग, बाजरी-ज्वारीची पोती, पलीकडे सुकट, गुडीशेव आणि भजी. जालना, परभणी, बीडकडून नुकताच कामाला आलेला पोरगा इथे संसार उभा करतो. आधी बादली आणि मग, मग तवा, पोळपाट-लाटणं, कपडे वाळत घालायची दोरी. अनुभवी बाया दिवस कलल्यावरच येतात. बाजार उठायच्या वेळी भाजीवाला भाव फार ताणून धरत नाही, हे त्यांना माहीत असतं.

अशा जुन्या बाजाराच्या गावात बाहेरून येऊन राहणं ही या शहराची मूळ गोष्ट आहे. इथले ‘मूळचे’ म्हणवणारेही कधी ना कधी कुठून तरी आलेलेच आहेत, आणि ते कधी आले हे बहुतेक वेळा त्यांच्या वस्तीच्या नावावरूनच कळतं.

खडकी नावाच्या खेड्याजवळ १६१० मध्ये शहर वसवलं ते मलिक अंबरनं. तो स्वतः इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनला पोचलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. शहर वसवताना त्यानं सरदारांना जागा दिल्या. त्याच्याबरोबरच्या मराठा सरदारांच्या नावानं मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरे उभे राहिल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. १६१२ मधला भडकल दरवाजा त्याच्या काळाची खूण म्हणून आजही उभा आहे. मुघलांनी हे शहर १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये जाळलं. तरी ते पुन्हा वसलं, आणि ते का वसलं याचं उत्तर बरंचसं जमिनीखाली सापडतं.

अंबरनं डोंगरपायथ्याचं पाणी गावात आणण्यासाठी जमिनीखालून नहर बांधली. तीच नहर-ए-अंबरी. झऱ्यांचं पाणी एकत्र करायचं, भुयारी नळातून ते निव्वळ उताराच्या जोरावर वाहू द्यायचं आणि ठरावीक अंतरावर उंच मनोरे बांधून नळातली हवा आणि दाब सांभाळायचा, अशी ती रचना. या मनोऱ्यांना इथे बंब म्हणतात. पाणी बंबात वर चढतं, हवा सोडून देतं आणि पुढच्या वाटेला लागतं. ना मोट, ना पंप. पुढच्या शतकभरात याच धर्तीच्या आणखी नहरी झाल्या. बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीत अशाच नहरीच्या पाण्यावर जातं फिरायचं आणि तिथल्या पिठावर फकिरांची आणि शिकायला आलेल्या पोरांची पोटं भरायची. पाणचक्की पर्यटकांना दाखवली जाते ती प्रेक्षणीय स्थळ म्हणून. खरं तर ती परगावाहून आलेल्यांच्या जेवणाची सोय होती, आणि तिच्याकडे तशा नजरेनं पाहायला हवं.

अंबरच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फतेहखान यानं गावाला फतेहनगर नाव दिलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झालं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. फ्रेंच प्रवासी थेवनो १६६७ मध्ये इथे आला तेव्हा त्याला मोठं, भरल्या वस्तीचं, पण तटबंदी नसलेलं शहर दिसलं. तट आला तो मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं, १६८२ च्या सुमारास. ‘बावन्न दरवाजांचं शहर’ हे बिरुद त्यानंतरचं.

तटाबाहेर राजपूत सरदारांचे पुरे पसरले. बिकानेरच्या करणसिंहाचा कर्णपुरा, पदमसिंहाचा पदमपुरा, मारवाडच्या जसवंतसिंहाचा जसवंतपुरा, आमेरच्या मिर्झाराजे जयसिंहाचा जयसिंगपुरा, बुंदेल्या पहाडसिंहाचा पहाडसिंगपुरा. सरदार आला की त्याच्याबरोबर सैन्य यायचं, सैन्यामागून बनिया, हलवाई, शिंपी, नालबंद, पुजारी यायचे. मोहिमा संपल्या, सरदार परतले किंवा मेले; मागून आलेले कारागीर आणि दुकानदार बरेचसे इथेच राहिले. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली यात्रा आज मराठवाड्यातल्या मोठ्या यात्रांत मोजली जाते. तिथे पाळण्यात बसायला हट्ट करणाऱ्या पोराला बिकानेर कुठे आहे हे माहीत नसतं, आणि असायचं कारणही नाही.

आलेल्यांपैकी एकानं आपली हकिकत लिहून ठेवली. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ. वडील मुघलांच्या चाकरीत होते, म्हणून तो लहान वयातच औरंगाबादला आला आणि पुढे दलपतराव बुंदेल्याच्या पदरी कारकुनी करत त्यानं दख्खनच्या मोहिमांचा फारसी वृत्तांत लिहिला. तो ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ नावानं ओळखला जातो. मुघल दरबारी इतिहासात सापडत नाहीत अशा रोजच्या हालअपेष्टा, महागाई आणि छावणीचं जिणं त्यात आहे, म्हणून इतिहासकार त्याला एवढं मानतात. मराठीतलं उदाहरण अमृतरायांचं (१६९८–१७५३). हे आख्यानकवी मूळचे बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याचे, पण कर्तृत्व गाजलं ते औरंगाबादेत. त्यांच्या ‘कटाव’ या पद्यरचनांतली मराठी हिंदुस्थानीला सहज टेकून चालते. बाजारात जी भाषा कानावर पडत होती तीच कीर्तनात आली. आजही गुलमंडीवर गिऱ्हाईक मराठीत विचारतं, दुकानदार दखनीत भाव सांगतो आणि दोघांचाही कुठे खोळंबा होत नाही.

मग उतरती कळा आली. १७६३ मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला नेली आणि दरबारावर जगणारा वर्ग तिकडे गेला. ज्या शहराचा व्यापार दरबारी गिऱ्हाइकावर उभा असतो, त्याचं असंच होतं. हिमरू त्याचा साक्षीदार आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा असलेलं हे कापड. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या विणकरांनी ही विद्या इथे रुजवली, असं हिमरूचे कारागीर सांगत आले आहेत. अंगरखे, शेले, शेरवान्या घालणारे गेले आणि माग बंद पडत गेले. पैठणीला निदान लग्नाचा आधार मिळाला आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हिमरूला तसं नेमाचं गिऱ्हाईक घरोघर मिळालं नाही.

आठवडी बाजार मात्र दरबारावर अवलंबून नव्हता, म्हणून तो टिकला. इंग्लंडमधल्या जुन्या बाजारगावांचंही असंच आहे. तिथे बाजार भरवायचा हक्क राजाच्या सनदेनं मिळायचा. तेराव्या शतकातला कायदेपंडित ब्रॅक्टन यानं सांगून ठेवलं की शेजारच्या बाजारापासून सहा मैल आणि दोन-तृतीयांश मैलाच्या आत नवा बाजार नको. हिशेब असा की माणूस दिवसात वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करायचे, एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक अंधार पडायच्या आत घरी परतायला. आपल्याकडे अंतरापेक्षा वार वाटून घेण्याकडे कल होता. याच शहरात गुरुवारी छावणीचा, शुक्रवारी चिकलठाण्याचा, रविवारी जाफर गेटचा बाजार असतो, आणि तोच भांडीवाला, तोच कपडेवाला आपली ताडपत्री गुंडाळून या गावातून त्या गावात फिरत राहतो. मराठी मुलखात नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनाला वतन द्यायचे, आणि येऊन राहणाऱ्या उदम्याला काही वर्षं करमाफीचा कौल मिळायचा. माणूस यावा म्हणून राज्यकर्ता आधी काहीतरी सोडायला तयार असायचा, हे त्या कौलनाम्यांतून दिसतं.

१९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि कापसाला वाट मिळाली. त्याआधी १८८९ मध्ये इथे सूतगिरणी उभी राहिली होती. रेल्वेनंतर कापसाच्या जिनिंगांची भर पडली. स्टेशन जुन्या शहरापासून दूर, म्हणून मधल्या मोकळ्या जागेत हळूहळू वस्ती भरत गेली.

स्वातंत्र्यानंतर शिकायला येणाऱ्यांची लाट आली, आणि तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात विलीन झालं तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची जवळपास काहीच सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. गावकुसाबाहेरच्या घरातून आलेला, वर्गात कोपऱ्यात बसायची सवय झालेला मुलगा नागसेनवनातल्या, म्हणजे मिलिंदच्या परिसरातल्या, वसतिगृहात राहायला लागला, ही घटना कुठल्याही दरवाजापेक्षा मोठी आहे. या शहरानं जे जे कमावलं त्यात नागसेनवन अग्रभागी ठेवायला हवं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि लातूर-नांदेडपासूनची मुलं एसटीनं इथे येऊ लागली. अनेकांनी पुढे इथेच नोकऱ्या धरल्या, घरं बांधली.

कारखानदारीची लाट त्यानंतरची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये झालं आणि त्याच दशकात स्टेशन रोड आणि चिकलठाण्याकडे औद्योगिक वसाहती आखल्या गेल्या. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचं जाळं पसरलं. सिडकोनं सत्तरच्या दशकात ‘नवं औरंगाबाद’ आखायला घेतलं. एन-१, एन-२ अशा क्रमांकांनी सुरू होणाऱ्या या वस्त्यांत कारकून, शिक्षक, कामगार यांना ऐपतीत बसणारी पक्की घरं मिळाली. ८ डिसेंबर १९८२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, भोवतालची खेडी हद्दीत आली, चिकलठाणाही त्यात आला. २००१ च्या जनगणनेत शहरात ८ लाख ७३ हजार लोक होते. २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार. दहा वर्षांत तीन लाख माणसं वाढली, आणि ती सगळी काही इथल्या पाळण्यांतून आली नाहीत.

या तीन लाखांना घरं कुठे मिळाली? सिडकोची घरं तोवर संपली होती आणि फ्लॅट आवाक्याबाहेर गेले होते. उरली गुंठेवारी. शेतकऱ्यानं किंवा मधल्या दलालानं शेताचे तुकडे पाडायचे, रस्ता म्हणून फक्कीची रेघ मारायची आणि ‘वीस बाय तीस’चा प्लॉट बॉण्डवर विकायचा. सहाशे चौरस फूट. ना बिनशेती परवानगी, ना मंजूर रेखांकन, ना नळाची लाइन. कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यानं गावाकडचं एखादं जनावर किंवा बायकोचा दागिना विकून तो घ्यायचा, आधी एक पत्र्याची खोली टाकायची आणि दर दिवाळीला थोडं बांधकाम वाढवत न्यायचं. पुंडलिकनगर, मुकुंदवाडी आणि आसपासच्या कितीतरी गल्ल्या अशाच घामानं उभ्या राहिल्या आहेत. त्यांना सरसकट ‘बेकायदा’ म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. कारखान्यांसाठी जमीन संपादित झाली, रस्ते झाले, वीज आली; त्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी रात्री कुठे झोपायचं, हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं होतं.

राज्यानं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मधल्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्याच्या कक्षेत घेतली. त्यासाठी पैसे भरावे लागतात, आर्किटेक्टकडून फाइल करून घ्यावी लागते. हातावर पोट असलेल्यांना तो खर्च जड जातो, म्हणून पुष्कळांनी फाइल केलीच नाही. न करण्याची किंमत काय असते ते २०२५ च्या जूनमध्ये दिसलं. मुकुंदवाडी-चिकलठाणा पट्ट्यात जालना रोडलगतची बांधकामं महापालिकेनं रुंदीकरणासाठी जेसीबी लावून पाडली. रस्ता रुंद व्हायला हवा यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं ज्या दुकानावर घर चाललं ते एका सकाळी ढिगारा होतं, तेव्हा त्या माणसाला पर्याय कोणता दिला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून इथे घर किंवा प्लॉट घेऊ बघणाऱ्यानं सातबारा किंवा पीआर कार्ड, नोंदणीकृत खरेदीखत, नियमितीकरणाचं पत्र आणि विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता किंवा आरक्षण आहे का, एवढं पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. बॉण्ड म्हणजे मालकी नव्हे, हे अजूनही अनेकांना उशिरा कळतं.

भाड्यानं राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. जुन्या शहरात, राजाबाजार-गुलमंडीच्या बोळांत माळवदाच्या घरांची ढेलज अजून कुठे कुठे शाबूत आहे, पण तिथल्या जुन्या घराण्यांची नवी पिढी गाडी लावायला जागा नाही म्हणून सिडको-गारखेड्याकडे सरकली आणि मागच्या वाड्यांची गोदामं झाली. नवा माणूस तिथे खोली शोधत नाही. तो कंपनीच्या जवळ राहतो, चौघांत एक खोली घेतो, खानावळीचा डबा लावतो. डिपॉझिट, आधारकार्डाची प्रत, पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहिती हे सोपस्कार असतातच. त्याआधी एक प्रश्न येतो, आडनाव काय? त्या उत्तरावर किती दारं बंद होतात हे इथे खोली शोधलेल्या दलित आणि मुसलमान पोरांना विचारावं. सगळ्या मुलखांतून आलेल्यांनी बांधलेल्या शहरात हा प्रश्न आजही विचारला जावा, याची लाज वाटायला हवी.

आणि पाणी. शहराचं आजचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं. या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. धरण मराठवाड्याच्या शेतीसाठी होतं, पुढे शहर आणि एमआयडीसीही त्यावर विसंबून राहिली. पाणी चढावावरून पंपानं आणावं लागतं. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या वाढत्या वस्तीला पुरेनाशा झाल्या, त्या वरचेवर फुटूही लागल्या. धरण काठोकाठ भरलेलं असतानाही शहरात नळ कित्येक दिवसांनी येतो, तो या कारणानं. १२ डिसेंबर २०२० ला १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. तिची मुख्य वाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यात वेळोवेळी लक्ष घालावं लागलं. तोवर गुंठेवारीत टँकरचा ड्रम विकत घ्यायचा आणि पाणी कधी येणार म्हणून व्हॉट्सॲपवर वॉर्डाच्या लाइनमनचा निरोप बघत राहायचं.

चारशे वर्षांपूर्वी अंबरनं वस्तीबरोबर पाण्याचीही सोय केली, ती काही दयेपोटी नव्हे. पाणी असेल तर उदमी येतील, उदमी आले तर जकात येईल, हा राजकारण्याचा रोखठोक हिशेब होता. आता शेंद्रा आणि बिडकीन इथे ऑरिक हे नवं औद्योगिक शहर आखलं गेलं आहे. त्यातल्या शेंद्र्याच्या भागाचं उद्घाटन २०१९ च्या सप्टेंबरमध्ये झालं. जमिनीखालून वीज आणि पाण्याच्या वाहिन्या, रुंद रस्ते, राहण्यासाठी वेगळे भूखंड अशी तिथली मांडणी आहे. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करनं जिल्ह्यात सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार राज्य सरकारशी केला. तो कारखाना उभा राहील तेव्हा हजारो माणसं येतील. ती कुठे राहतील हे ठरवायची वेळ कारखाना सुरू व्हायच्या आधीची आहे: कंत्राटी कामगाराला परवडेल अशा भाड्याच्या खोल्या, त्यांना नळ, आणि आराखड्यात आठवडी बाजाराला राखून ठेवलेली जागा. बिडकीनच्या आसपास शेतात फक्कीच्या रेघा पडायला लागल्या, की हे काम दसपट महाग होतं. तूर्त तरी शेंद्र्याच्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी जण चिकलठाणा-मुकुंदवाडीतच खोली करून राहतात आणि कंपनीच्या बसनं जालना रोडवरून ये-जा करतात.